झेंड्याची दोरी आणि थरथरता हात

पुण्यातल्या दिघीहून एका मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील फौजेतून सुभेदार म्हणून पेन्शनवर आले. २८ वर्षं नोकरी झाली आणि घरी येऊन आता ११ वर्षं होत आली. सोसायटीचं झेंडावंदन दरवर्षी त्यांच्याच हस्ते होतं. आदल्या रात्री झेंड्याची घडी घालून, आत फुलं ठेवून गाठही तेच बांधतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. यंदा १५ ऑगस्टला सकाळी साडेसहालाच त्यांनी घेतलेली होती. वास सगळ्यांना आला, पण बोललं कुणी नाही. आता कमिटीला २६ जानेवारीला शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करायचा आहे. मुलगी विचारते, "सत्काराला नाही म्हणू का? झेंड्यासमोर दारू पिऊन उभे राहिले याची मला इतकी लाज वाटली की त्या दिवसापासून मी त्यांच्याशी नीट बोललेले नाही. आई म्हणते, गप्प बस, फौजी माणूस आहे. आणि बाबा म्हणतात, देशाच्या स्वातंत्र्यासाठी मी बर्फात उभा राहिलो, मला माझ्या घरात दोन पेग घ्यायचं स्वातंत्र्य नाही का? याला काय उत्तर देऊ?"

ताई, मी स्वतः आर्मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. १७ वर्षं नोकरी करून २००१ साली हवालदार म्हणून बाहेर पडलो. पुढची तीन वर्षं दारूत गेली. २००४ पासून प्यायलेलो नाही आणि २००६ पासून पुण्यातच व्यसनमुक्तीचं काम करतो. त्यामुळे तुमच्या वडिलांना मी साहेबच म्हणणार, सुभेदारसाहेब.

आधी त्या सकाळचं बोलू, कारण तुमचा राग तिथं अडकलाय आणि माझ्या मते तिथं तुमचा गैरसमज झालाय.

जो माणूस वर्षानुवर्षं रोज पितो, त्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. दारू मेंदूला मंद करते. मग मेंदू उलट्या दिशेनं जोर लावायला शिकतो, म्हणजे काम चालू राहतं. रस्सीखेच बघितली असेल तुम्ही. दोन्ही बाजू सारख्या जोरानं ओढत असल्या की दोर जागचा हलत नाही. रात्री झोपल्यावर दारू अंगातून उतरायला लागते, म्हणजे समोरच्या बाजूनं अचानक दोर सोडला. मेंदूचा जोर मात्र तसाच चालू असतो. सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, मळमळतं. एक पेग घेतला की वीस मिनिटांत हात स्थिर होतो.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. यंदा पहिल्यांदाच झेंड्याची गाठ आदल्या रात्री न बांधता त्यांनी सकाळी बांधली, कारण "रात्री जमलं नाही". ताई, ज्या माणसानं २८ वर्षं झेंड्याला सॅल्यूट केलाय, त्याला दोरी ओढताना सोसायटीच्या पोरांपुढे हात कापलेला चालणार नाही. ते मजा म्हणून प्यायले नव्हते. माझा अंदाज आहे की झेंड्यासमोर हात स्थिर राहावा म्हणूनच ते प्यायले. ही गोष्ट समर्थनाची नाही, पण अपमानाचीही नाही. हे आजाराचं लक्षण आहे आणि आजार बराच पुढे गेलाय हे ते सांगतंय. संध्याकाळी घेणारा माणूस सकाळी घ्यायला लागला की आम्ही लगेच सावध होतो.

म्हणून पहिली सूचना, आणि ही मी हात जोडून करतो. रागाच्या भरात "हिंमत असेल तर उद्यापासून सोडून दाखवा" असं त्यांना म्हणू नका. फौजी माणूस हे आव्हान घेईल. खरंच बंद करेल, आणि त्यातच जिवाला धोका होईल. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो, बीपी वाढतं. याला डीटी (डिलिरियम ट्रेमेन्स) म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर त्यात माणूस दगावतो. इच्छाशक्ती दाखवायला गेलेली माणसं आकडी येऊन डोकं फुटून आलेली मी पाहिली आहेत. दारू सोडण्याचे पहिले सात-दहा दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत. आकडी येऊ नये म्हणून औषध लागतं, आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दुसरी सूचना त्याच्याच जोडीची. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती तुम्ही भिंतींवर वाचल्या असतील. चहात, भाजीत गुपचूप पावडर टाकायची वगैरे. अजिबात करू नका. त्यात काय असतं ते कळत नाही, आणि डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल तर त्यावर दारू पडली की बीपी एकदम खाली जाऊन हृदयावर बेतू शकतं. ते औषध चांगलं आहे, पण ज्याला द्यायचं त्याच्या संमतीनं, त्याला सगळं समजावून, डॉक्टरांनी द्यायचं असतं.

आणि तिसरी. रात्री गाडी घेऊन येतात, माणसाला घरातून उचलून नेतात आणि चार-सहा महिने कुलपात ठेवतात, अशी "केंद्रं" आहेत. माझ्या ओळखीच्या, नायक हुद्द्यावरच्या एका जवानाला त्याच्या भावांनी असं पाठवलं होतं. पाच महिन्यांनी तो बाहेर आला आणि त्याच संध्याकाळी प्यायला. त्याहून वाईट म्हणजे पुढची चार वर्षं त्यानं कुठल्याच डॉक्टरला जवळ येऊ दिलं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाशी जोडलेल्या मानसिक आजारांनाही लागू होतो. त्यात रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे आणि त्याच्या संमतीशिवाय दाखल करायचे ठरलेले, मर्यादित मार्ग आहेत. ज्या जागी तुम्हाला आत जाऊन खोल्या बघू देत नाहीत, डॉक्टर कोण ते सांगत नाहीत, तिथून परत फिरा.

आता त्यांच्या प्रश्नाकडे येतो. "मला दोन पेग घ्यायचं स्वातंत्र्य नाही का?"

हा प्रश्न मी स्वतः माझ्या बायकोला विचारलेला आहे, जवळजवळ याच शब्दांत. १९८८ साली मी श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर फील्ड अॅम्ब्युलन्समध्ये, म्हणजे फौजेच्या फिरत्या वैद्यकीय तुकडीत, होतो. तिथलं काही मी इथं सांगत बसणार नाही. एवढंच सांगतो की "मी काय काय बघितलंय ते तुला काय माहीत" हे वाक्य माझ्याकडे होतं आणि ते मी प्रत्येक वादात पुढे करायचो. त्यापुढे ती काय बोलणार? ती गप्प व्हायची आणि मी ग्लास भरायचो. ते वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं चालायचं.

या प्रश्नावर वाद घालू नका. "नाही, तुम्हाला स्वातंत्र्य नाही" असं म्हणालात तर तुम्ही तुरुंगाधिकारी झालात आणि ते कैदी. कैदी कधी पहारेकऱ्याचं ऐकत नाही. "आहे स्वातंत्र्य" म्हणालात तर विषय संपला. त्याऐवजी त्यांनाच विचारा. "बाबा, तुम्हाला घ्यायचं स्वातंत्र्य आहे, मान्य. न घ्यायचं आहे का?" टोमणा म्हणून विचारू नका, खरंच जाणून घ्यायचंय म्हणून विचारा. आणि विचारून झालं की थांबा. उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल. माझ्यापुढे हा प्रश्न एका डॉक्टरीणबाईंनी ठेवला होता आणि मला तो पचायला दोन महिने लागले. सकाळी उठल्याबरोबर पहिला विचार बाटलीत किती उरली आहे हा, गावाला जायचं तर आधी तिथं मिळेल का हा हिशोब, भाचीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी गाडीच्या डिकीशी एक चक्कर. दिवसाचं सगळं टाइमटेबल दुसरंच कुणी तरी लावत होतं आणि मी त्याला माझं स्वातंत्र्य म्हणत होतो.

फौजी माणसाच्या बाबतीत यात आणखी एक गुंता असतो. लोक धरून चालतात की युद्ध बघितलं म्हणून पितो. काहींच्या बाबतीत ते खरं असतं. झोप लागत नाही, दिवाळीत फटाके सुरू झाले की माणूस आतल्या खोलीत जाऊन बसतो, गर्दीत पाठ भिंतीला लावूनच उभा राहतो. हे दिसत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना नक्की सांगा, त्यावर वेगळे आणि चांगले उपचार आहेत. झोपेसाठी घेतलेली दारू सुरुवातीला झोपवते आणि रात्रीच्या दुसऱ्या भागात झोप मोडते, हेही साहेबांना कुणी तरी सांगायला हवं.

पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच माजी सैनिकांचं दुखणं युद्धाचं नसतं, पेन्शनवर आल्यानंतरचं असतं. जवान १५-१७ वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत घरी येतो. तिथं पहाटे पीटीची शिट्टी होती, संध्याकाळी गिनती होती. आपण हजर आहोत की नाही हे रोज कुणी तरी मोजत होतं. इथं सिव्हिलमध्ये कुणी मोजत नाही. ज्याच्या हाताखाली साठ-सत्तर जवान होते तो साहेब एखाद्या आयटी कंपनीच्या गेटवर बारा-बारा तास गाड्यांचे नंबर लिहितो, आणि त्याच्या मुलाच्या वयाचा पोरगा त्याला काच खाली न करता हात दाखवतो. युनिटमध्ये रम होती, पण ती बडाखान्याला, म्हणजे युनिटच्या एकत्र जेवणाला, होती, मोजून होती, चार जणांत होती. घरी फौजी कँटीनची बाटली तीच असते, पण मोजणारा कुणी नसतो.

फौजेत दुखणं सांगायची सवयही मोडलेली असते. सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी आहे असं कळवलं, की कामचुकार ठरायची भीती, आणि मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर प्रमोशन जाईल ही त्याहून मोठी भीती. पेन्शनवर येऊन दहा वर्षं झाली तरी ही भीती अंगातून जात नाही. साहेब बहुधा म्हणतील, "रेकॉर्डवर येईल, पेन्शन बंद होईल." त्यांना स्पष्ट सांगा, व्यसनाचा उपचार घेतला म्हणून पेन्शन थांबत नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये जा, तिथले डॉक्टर पुढे पाठवतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत आहेत. पुण्यात तर पर्यायांची वानवा नाही. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. या शहरात व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून न बघता रुग्ण म्हणून बघायची सवय लागली ती मोठ्या प्रमाणात तिथून. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा, अशा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी मीटिंग शहरात जागोजागी चालतात, फी नसते, नाव विचारत नाहीत. साहेबांना तिथं एकटं पाठवू नका. एखादा माजी सैनिक ज्यानं स्वतः दारू सोडली आहे, त्याला घरी चहाला बोलवा. फौजेत बडी, म्हणजे जोडीदार, असतो, तसा तो त्यांना घेऊन जाईल. हे मी अनुभवानं सांगतो, दुसऱ्या फौजीच्या तोंडून "साहेब, मी पण प्यायचो" हे ऐकलं की निम्मी लढाई होते.

त्यांच्याशी बोलायचं कधी? प्यायलेले असताना नाही, आणि सकाळी हात कापत असतानाही नाही. मधली एक वेळ असते, नऊ-दहाच्या सुमारास, ती तुम्हाला माहीत असेल. "तुम्ही आमची इज्जत घालवली" हे वाक्य मनातून काढून टाका. "बाबा, त्या दिवशी तुमचा हात कापत होता का? मला आधी कळलं नाही" एवढंच म्हणा. कदाचित ते ओरडतील. कदाचित उठून जातील. पण कुणी तरी बरोबर ओळखलंय हे त्यांच्यापर्यंत पोचेल. कँटीनचं कार्ड लपवू नका, बाटल्या ओतू नका. कँटीनमधला दारूचा कोटा बंद करायचा निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचाय आणि तो त्यांनी घेतला तरच टिकेल. मात्र त्यांच्यासाठी खोटं बोलणं थांबवा. "बाबांना ताप आहे" असं फोनवर सांगायचं नाही.

एक मोह टाळा. पुण्यात शूर माणसांच्या गोष्टी खूप आहेत आणि त्या खऱ्या आहेत. मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली शरीर साथ देईना, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात त्यांनी देशासाठी सोनं आणलं. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये व्हीलचेअरवरचे जवान बास्केटबॉल खेळतात. माझ्या मनात या माणसांबद्दल काय आहे ते शब्दांत येणार नाही. पण "बघा ते कसे, आणि तुम्ही" असं यांचं नाव घेऊन साहेबांना कधी म्हणू नका. माझ्या भावानं मला म्हटलं होतं. मी लाजेनं अर्धा झालो आणि लाज बुडवायला त्या रात्री जास्त प्यायलो.

आता सत्कार. मी असतो तर कमिटीला सध्या नाही म्हणालो असतो, आणि साहेबांपासून लपवून नव्हे, त्यांच्यासमोर. घोरपडीजवळचं युद्धस्मारक पुणेकरांनी वर्गणी काढून उभं केलं, १९९८ साली. भिंतीवरच्या नावांपुढे उभं राहिलं की अजूनही माझ्या घशात दाटून येतं. या शहराला सैनिकांबद्दल खरा आदर आहे. पण भिंतीवरच्या नावाला हात जोडणं आपल्याला जमतं, आणि जिवंत माणसाला "साहेब, तब्येत बरी दिसत नाही, चला माझ्याबरोबर" म्हणणं जमत नाही. त्या सकाळी तुमच्या सोसायटीतल्या चाळीस लोकांना वास आला आणि चाळीस जण आदरानं गप्प बसले. तो आदरच त्यांच्या खोलीचं कुलूप झालाय. आत्ता शाल घातली तर ते आणखी एक कुलूप लागेल, कारण सत्कार झालेला माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत उभा राहायला जास्त लाजतो.

तुमच्या पत्रात आईचा उल्लेख एकाच ठिकाणी आहे, "आई म्हणते गप्प बस" इथं. वीस वर्षांत असं घर पाहिलं नाही की जिथं नवरा पितो आणि बायको मोकळी आहे. किती वर्षं झाली त्यांना माहेरी जाऊन चार दिवस राहून? संध्याकाळी लिफ्टचा आवाज आला की त्यांचा हात पोळपाटावर थांबतो का? साहेबांनी उपचार घेतले नाहीत तरीही आईंना मदत घेता येते. अल-अॅनॉनच्या मीटिंग पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात. बऱ्याचदा घरातली बाई आधी बदलते आणि वर्षभरानं माणूस येतो. आणि समजा तो कधीच आला नाही, तरी आईंचं आयुष्य त्यांचं स्वतःचं आहे.

बरं होणं म्हणजे नेमकं काय, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. माझं सांगतो. बंद करून सात-आठ महिने झाले असतील. मी येरवड्याहून पीएमटीनं कॅम्पात निघालो होतो, संध्याकाळची साडेसहाची वेळ. वाटेत एक बार होता जिथं मी तीन वर्षं रोज उतरायचो. बस बंडगार्डनच्या पुलावर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो बार मागे गेला आणि मी तिकडे बघितलंही नाही. मी खिडकीतून नदीतली जलपर्णी बघत होतो आणि घरी जाऊन मुलाच्या सायकलची चेन बसवायची आहे असा विचार करत होतो. एवढंच. त्यानंतरही ओढ लागली, एकदा घसरता घसरता राहिलो. कुणी घसरलं तर तो शेवट नसतो, परत डॉक्टरांकडे जायचं आणि परत एका दिवसापासून मोजायचं. पण तो पूल मला आठवतो.

२६ जानेवारीला अजून वेळ आहे. दहा दिवस दवाखान्यात आणि मग महिना-सव्वा महिना व्यसनमुक्ती केंद्रात, एवढं जमवलं तरी साहेब तोवर घरी असतील. कमिटीला एक सुचवा. सत्काराऐवजी २५ तारखेला संध्याकाळी पाच वाजता सोसायटीतल्या मुलांना झेंड्याची घडी आणि गाठ शिकवायची जबाबदारी साहेबांना द्या. फुलं कुठं ठेवायची, दोरी किती सैल सोडायची, एका झटक्यात सुटेल पण वाऱ्यानं सुटणार नाही अशी गाठ कशी मारायची, हे तुमच्या कॉलनीत त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. सकाळी दोरी एखाद्या मुलीला ओढू दे. साहेब बाजूला सावधानमध्ये उभे राहतील, आणि त्यांचा हात थोडा कापला तरी त्या दिवशी तो कुणाला दिसणार नाही.